खाटेजवळची सोनोग्राफी शिकवणार कोण?

नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत दाखल असलेल्या रुग्णांच्या केसपेपरवरचे पत्ते वाचत गेले, तर अर्धा मध्य भारत तेथे भेटतो. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ हे तर विदर्भातलेच जिल्हे. पण बालाघाट, शिवनी, छिंदवाडा आणि आदिलाबादकडूनही माणसे येथे येतात. येताना ती बहुधा दोन-तीन ठिकाणी थांबून आलेली असतात आणि प्रत्येक ठिकाणी हातातले कागद वाढलेले व आजार जुना झालेला असतो. छातीत पाणी साचले आहे की फुप्फुस घट्ट झाले आहे, हृदयाच्या भोवती पाणी आहे काय, पोटात रक्त उतरले आहे काय, एवढ्या मोजक्या प्रश्नांची उत्तरे पहिल्याच मुक्कामी मिळाली असती, तर यांपैकी अनेकांचा पुढचा प्रवास टळला असता किंवा निदान लवकर आणि योग्य दिशेने झाला असता. ही उत्तरे देणारे सोनोग्राफीचे यंत्र आता खिशात मावण्याएवढे लहान झाले आहे. ते वापरायला शिकवणारा माणूस मात्र आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेच्या पदांच्या कोणत्याही आकृतिबंधात नाही. हा लेख यंत्रापेक्षा त्या माणसाविषयी अधिक आहे.

असा माणूस अन्यत्र कसा घडला हे आधी पाहणे उपयोगाचे आहे. अमेरिकेत १९९६ च्या सुमारास ‘हॉस्पिटलिस्ट’ हा एक नवा डॉक्टर नावारूपाला आला. त्याचा स्वतःचा दवाखाना नसतो, बाह्यरुग्ण विभागही नसतो. रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाकडे पाहणे एवढेच त्याचे काम. या डॉक्टरांच्या नोकऱ्या पुष्कळदा पाळ्यांच्या असतात, सात दिवस सलग काम आणि सात दिवस मोकळे अशाही असतात, आणि या रोकड्या कारणाने त्यांच्यातील काहींना वर्षातले काही महिने हैती, रवांडा, मलावी किंवा नेपाळमध्ये घालवणे शक्य झाले. ध्येयवादाचे श्रेय मी नाकारत नाही. पॉल फार्मर यांच्यासारख्या माणसाने १९८७ मध्ये ‘पार्टनर्स इन हेल्थ’ ही संस्था उभी करण्यात सहभाग घेतला, हैतीतील खेड्यात आणि हार्वर्डच्या रुग्णालयात आळीपाळीने काम केले, आणि २०२२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तोही रवांडातील बुतारो येथे. अशा आयुष्याला केवळ पाळ्यांचे वेळापत्रक पुरत नाही. परंतु फार्मर यांच्यामागून जे शेकडो सामान्य कुवतीचे, घरदार असलेले, कर्ज फेडणारे डॉक्टर त्या वाटेने गेले, त्यांना ती वाट एका नोकरीच्या रचनेने मोकळी करून दिली होती, हे आपण ध्यानात घेत नाही. आपल्याकडे समाजसेवी डॉक्टर म्हटले की संन्यासीच डोळ्यांपुढे येतो. संन्यासी थोडे असतात, आणि आरोग्यव्यवस्था त्यांच्या भरवशावर चालत नाही.

या डॉक्टरांनी परदेशांत जे नेले त्यात औषधे होती, पैसा होता आणि गेल्या दोन दशकांत खाटेजवळची सोनोग्राफीही होती. रवांडातील दोन ग्रामीण रुग्णालयांत स्थानिक डॉक्टरांना काही आठवडे ही तपासणी शिकवून तिचा परिणाम मोजण्यात आला, तेव्हा सुमारे ४३ टक्के रुग्णांच्या उपचारांची दिशा सोनोग्राफीमुळे बदलल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. पाहुणा डॉक्टर दोन आठवडे येतो, छायाचित्रे काढतो आणि जातो, ही टीका या क्षेत्रावर झाली आणि ती पुष्कळ अंशी खरी होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील ‘हील’ उपक्रमात अमेरिकेतील तरुण डॉक्टरांच्या बरोबरीने, ज्या गरीब भागांत काम चालते तेथलेच आरोग्यकर्मीही फेलो म्हणून घेतले जातात, ती या टीकेचीच फलश्रुती म्हणावी लागेल. शिकवणाऱ्याचे यश तो गेल्यानंतर काय उरते यावर ठरते, हे त्यांना उशिरा का होईना कळले. आपल्याला तर पाहुण्याची गरजच नाही. नागपूर ते भामरागड हे अंतर अनेक अर्थांनी बोस्टन ते बुतारो या अंतराएवढेच आहे, आणि दोन्ही टोके एकाच राज्य सरकारच्या अखत्यारीत आहेत.

ही तपासणी म्हणजे नेमके काय, याबद्दल वैद्यकीय क्षेत्राबाहेरच्या वाचकाचा गोंधळ होऊ शकतो. रामदासपेठेत किंवा धंतोलीत आपण सोनोग्राफीसाठी जातो तेव्हा रेडिओलॉजिस्ट पोटातील प्रत्येक अवयव पाहतो, मोजतो आणि सविस्तर अहवाल देतो. खाटेजवळची सोनोग्राफी, जिला निवासी डॉक्टर ‘पोकस’ म्हणतात, तशी नसते. रुग्णावर उपचार करणारा डॉक्टरच एक प्रश्न मनात धरून प्रोब, म्हणजे यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग, ठेवतो आणि त्या प्रश्नाचे हो किंवा नाही असे उत्तर शोधतो. १८१६ मध्ये लेनेक यांनी कागदाची नळी करून हृदयाचे ठोके ऐकले, त्या परंपरेतलीच ही पायरी आहे. डॉक्टरचा कान आणि हात जेथे थांबतात तेथून ती पुढे जाते. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पोटाच्या आतील प्रतिमा प्रसिद्ध केल्या तेव्हापासून दीर्घ काळ असे मानले जाई की हवेने भरलेल्या फुप्फुसाची सोनोग्राफी करण्यात अर्थ नाही. फ्रान्समधील अतिदक्षता विभागात काम करणारे दानिएल लिश्टेनस्टाइन यांनी हवेमुळे उमटणाऱ्या फसव्या रेषांनाच भाषा दिली, आणि २००८ मध्ये धाप लागलेल्या रुग्णाचे निदान काही मिनिटांत करण्याची त्यांची पद्धत प्रसिद्ध झाली. आज न्यूमोनिया, फुप्फुसाबाहेर साचलेली हवा, हृदय थकल्याने फुप्फुसात उतरलेले पाणी हे सारे खाटेजवळ ओळखता येते.

पण पुस्तक वाचून किंवा मोबाइलवर चित्रफिती पाहून हे येत नाही. छातीतले पाणी काढण्याचा प्रसंग घेऊ. पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर रुग्णाला खाटेच्या कडेला बसवतो, समोरच्या लहान टेबलावर उशी ठेवून तिच्यावर हात टेकायला सांगतो आणि पाठीवर बोटाने ठोकत ठोकत आवाज कोठे बद्द होतो ते पाहतो. एक्स-रेत उजवी बाजू खालून पांढरी दिसते आहे. सुई कोठे टोचायची ती जागा त्याने पेनने खूण करून ठेवली आहे. आता शिक्षक त्याच्या हाती प्रोब देतो. बहुतेक नवशिके तो मुठीत दांडा धरल्यासारखा धरतात. तो पेनासारखा धरायचा असतो आणि करंगळी रुग्णाच्या बरगडीवर टेकवायची असते, म्हणजे रुग्ण खोकला किंवा हलला तरी हात जागेवर राहतो. जेल लावून प्रोब टेकवला की पडद्यावर आधी बरगडीची काळी सावली येते, मग राखाडी, दाणेदार यकृत, त्याच्यावर श्वासपटलाची पांढरी कमान, आणि कमानीच्या वर काळाभोर पट्टा, ज्यात फुप्फुसाचे टोक पाण्यात सोडलेल्या कापडासारखे हलत असते. शिक्षक रुग्णाला श्वास पूर्ण सोडायला सांगतो. कमान वर सरकते आणि पेनची खूण आता यकृतावर आली असल्याचे विद्यार्थ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. तो खूण दोन बोटे वर घेतो. काळ्या पट्ट्यात पांढऱ्या तंतूंची जाळी दिसली असती, तर एका सुईने हे पाणी निघणार नाही आणि नळी किंवा शल्यचिकित्सक लागेल, हेही त्याला तेथेच सांगता आले असते.

हे शिकवायला पाच मिनिटे पुरतात. परंतु ती पाच मिनिटे खाटेजवळ, विद्यार्थ्याच्या कोपराला कोपर लावून द्यावी लागतात, आणि एकदा देऊन भागत नाही. अमेरिकेतील आपत्कालीन वैद्यकाच्या संघटनेने प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी जाणकाराने तपासलेल्या २५ ते ५० सोनोग्राफींचा दंडक घालून दिला आहे. आपल्याकडे राऊंड घेणाऱ्या प्राध्यापकापुढे तीस-चाळीस रुग्ण असतात आणि त्याच्या मागे बाह्यरुग्ण विभागाची रांग उभी असते. मी या शहरात बरीच वर्षे वैद्यकशास्त्र शिकवले आहे, आणि एवढे सांगू शकतो की ज्या युनिटमध्ये एखाद्या सहायक प्राध्यापकाला याची आवड असते तेथे निवासी डॉक्टर ही कला शिकतात, त्याची बदली झाली की पुढच्या तुकडीबरोबर ती नाहीशी होते. यंत्र जागेवरच राहते. त्याच्यावर आच्छादन घातले जाते आणि वर्षभराने त्याची बॅटरी चालत नसल्याचे उघडकीस येते.

काय शिकवायचे हाही प्रश्न उसन्या अभ्यासक्रमाने सुटणार नाही. आफ्रिकेतील बहुतेक उपक्रमांत गर्भवतीची तपासणी केंद्रस्थानी असते आणि तेथे ती असायलाही हवी. आपल्याकडे ती कायद्याने, आणि रास्त कारणाने, वेगळ्या चौकटीत बांधली आहे. त्याकडे पुढे येतोच. उलट आपल्या गरजा विदर्भाच्या वॉर्डांत पसरलेल्या आहेत. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि क्षयरोग केवळ खोकल्याचा नसतो. तो हृदयाच्या आवरणात, पोटात आणि गाठींमध्येही लपतो, जेथे थुंकीची तपासणी पोहोचत नाही. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीबाधितांमधील असा लपलेला क्षयरोग शोधण्यासाठी सोनोग्राफीची एक छोटी पद्धत तयार झाली: हृदयाभोवती, फुप्फुसाभोवती आणि पोटात पाणी आहे का, पोटात गाठी आहेत का, प्लीहेत (पानथरीत) बारीक काळे ठिपके दिसतात का, एवढेच पाहायचे. ती आपल्याकडे जवळजवळ जशीच्या तशी उपयोगी आहे. पण सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण छातीत दुखते म्हणून आला असता त्याच्या फुप्फुसात नवी छाया उतरली आहे का, किंवा सिकलसेलच्या लहान मुलाचा चेहरा एकाएकी पांढरा पडला असता प्लीहा रक्त साठवून मोठी झाली आहे का, हे शिकवणारा धडा आपल्यालाच लिहावा लागेल, कारण हे रुग्ण आपल्याकडे आहेत. पावसाळ्यानंतर डेंग्यूचे रुग्ण वाढतात तेव्हा फुप्फुसाच्या तळाशी आणि पोटात उतरू लागलेले पाणी हे रक्तवाहिन्यांतून गळती सुरू झाल्याची खूण असते. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत साधारण २०० मिलिलिटर पाणी साचल्यावर ते दिसते, सोनोग्राफीत त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढेही ओळखता येते. सलाईन किती आणि कोठवर द्यायचे हे ठरवणाऱ्या डॉक्टरला, आणि डेंग्यूत हाच निर्णय सर्वांत नाजूक असतो, याचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

आता कायद्याकडे वळू. या विषयावर डॉक्टरांच्या बैठकीत बोलायला उभे राहिले की पहिली दहा मिनिटे गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याला शिव्या देण्यात जातात, आणि माझे त्या बोलण्याशी पटत नाही. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम असा कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि २००३ च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. तो आपल्यावर कोणी बाहेरून लादला नाही. आपल्याच व्यवसायातील लोकांनी हे यंत्र मुलींच्या मुळावर उठवले म्हणून तो करावा लागला. इतके होऊनही महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ पर्यंत घसरली. ज्या राज्यात हे घडले तेथे ‘डॉक्टरांवर विश्वास ठेवा’ असे म्हणण्याचा अधिकार आपण काही काळापुरता तरी गमावलेला आहे. गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीसाठी या कायद्याने भरावा लागणाऱ्या एफ फॉर्ममधील त्रुटी ही केवळ कारकुनी चूक समजावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळली, ती याच पार्श्वभूमीवर.

अडचण कायद्याच्या हेतूत नाही, त्याच्या रचनेत आहे. गर्भाचे लिंग दाखवू शकेल असे प्रत्येक यंत्र नोंदवावे लागते, आणि ज्या प्रोबने यकृत दिसते त्याने गर्भही दिसतो, त्यामुळे छातीपुरते यंत्र आणि गर्भापुरते यंत्र अशी स्वच्छ वाटणी तंत्राच्या पातळीवर होऊ शकत नाही. २०१२ च्या नियमांनी हलवता येणारे यंत्र नोंदणी झालेल्या आवाराबाहेर नेण्यावर बंधन घातले, फिरत्या वैद्यकीय पथकाचा अपवाद सोडून; आणि सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरचे नाव एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रांवर लावता येते. गडचिरोली जिल्ह्यात बारा तालुके आहेत. तेथील ग्रामीण रुग्णालयांत आळीपाळीने जाऊन शिकवणारा डॉक्टर, स्वतःचा प्रोब पिशवीत घालून निघाला तर गुन्हेगार ठरण्याची शक्यता आहे, आणि रुग्णालयातलाच प्रोब वापरायचा म्हटले तरी तिसऱ्या रुग्णालयात त्याचे नाव नसणार. उपकरणे तयार करणाऱ्यांनी खिशातला प्रोब बाजारात आणून कित्येक वर्षे झाली. आपल्या नियमांच्या मनात अजून भिंतीला लागून ठेवलेले जड यंत्रच आहे.

याचा आणखी एक परिणाम आहे, ज्याची चर्चा होत नाही. धाप लागलेली तरुण स्त्री कॅज्युअल्टीत येते तेव्हा तिच्या छातीवर प्रोब ठेवायलाही काही डॉक्टर कचरतात, पुरुषाच्या बाबतीत कचरत नाहीत. मुली वाचाव्यात म्हणून केलेल्या कायद्याच्या धास्तीने मोठ्या झालेल्या मुलीला तपासणी उशिरा मिळावी, हे त्या कायद्यासाठी झगडलेल्या कार्यकर्त्यांनाही मान्य होणार नाही. कायदा स्त्रीची छाती तपासू नका असे कोठेही म्हणत नाही. ती भीती आपली आहे, आणि ती दूर करणे हे समुचित प्राधिकाऱ्याचे, म्हणजे या कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे, काम आहे; एक स्पष्ट परिपत्रक त्यासाठी पुरेसे होईल.

म्हणून माझी मागणी सूट देण्याची नाही. सरकारी रुग्णालयांतील प्रशिक्षणाच्या यंत्रांची स्वतंत्र नोंद असावी, त्यांचा वापर गर्भवतीच्या तपासणीसाठी सर्वस्वी वर्ज्य असावा, यंत्र सुरू केल्याची वेळ आणि साठवलेली प्रत्येक प्रतिमा जिल्हा शल्यचिकित्सकाच्या कार्यालयाला पाहता यावी, आणि त्या बदल्यात शिक्षक म्हणून नेमलेल्या डॉक्टरचे नाव संपूर्ण महसुली विभागासाठी ग्राह्य धरावे. गर्भाची तपासणी पदव्युत्तर किंवा नियमांप्रमाणे सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेल्यांकडेच राहू द्यावी. यात एक किंमत मोजावी लागते हे मला ठाऊक आहे. गर्भनलिकेत गर्भ राहून ती फुटली तर स्त्री काही तासांत दगावू शकते, आणि सोनोग्राफी तेथे फार मोलाची असते. पण चक्कर येऊन पडलेल्या तरुण स्त्रीच्या यकृत आणि मूत्रपिंड यांमधल्या फटीत काळा पट्टा, म्हणजे रक्त, आहे काय एवढे पाहण्यासाठी गर्भाशयाकडे वळण्याची गरज नसते. ते दिसले की रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयात तिला ताबडतोब हलवायचे, हा निर्णय होतो. ही तपासणी नेमकी कोणत्या शब्दांत परवानगीच्या कक्षेत आणायची हे कायदेतज्ज्ञांनी आणि स्त्रीसंघटनांनी मिळून ठरवावे. डॉक्टरांनी एकट्याने ठरवू नये.

दुसरा आक्षेप रेडिओलॉजिस्ट मित्रांचा आहे. त्यात धंद्याची काळजी असते, नाही असे नाही, पण तेवढ्यावर तो आक्षेप झटकून टाकणे अन्यायाचे होईल. अर्धवट शिकलेला हात ‘काही दिसले नाही’ म्हणून ‘काही नाही’ असा निष्कर्ष काढतो आणि रुग्णाला घरी पाठवतो, हा धोका खरा आहे. त्यावर उपाय एकच आहे: शिकणाऱ्याला प्रश्नांची यादी आखून द्यावी, तिच्याबाहेरच्या कोणत्याही प्रश्नावर मत देण्याची मुभा देऊ नये, आणि साठवलेल्या प्रतिमा दर आठवड्याला जाणकाराने तपासाव्यात. हा जाणकार रेडिओलॉजिस्टच असावा असेही मी म्हणेन, आणि त्याला त्याचे मानधन मिळावे. ज्या ग्रामीण रुग्णालयात रेडिओलॉजिस्टचे पद वर्षानुवर्षे रिक्त आहे आणि यंत्र कुलपात आहे, तेथे मात्र तज्ज्ञच हवा हा आग्रह रुग्णाच्या हिताचा राहत नाही.

याहून गंभीर आक्षेप आकडेवारीतून येतो. काँगो, ग्वाटेमाला, केनिया, पाकिस्तान आणि झांबिया या पाच देशांत गरोदरपणातील सोनोग्राफी स्थानिक आरोग्यकर्मींना शिकवून तिचा परिणाम काटेकोर तुलनेने मोजण्यात आला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तपासणी शिकवता आली, पण माता व बालकांचे मृत्यू कमी झाले नाहीत, रुग्णालयातील बाळंतपणेही वाढली नाहीत. सोनोग्राफीच्या प्रचारकांना हा अभ्यास आवडत नाही. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. धोका दिसल्यानंतर रुग्णाला जेथे न्यायचे ते रुग्णालयच नीट चालत नसेल, तर धोका दिसून उपयोग काय? म्हणून प्रोब देताना त्याच्या पुढची पायरीही द्यावी लागते. हृदयाभोवती पाणी दिसले तर फोन कोणाला करायचा, १०८ ची गाडी कोठे न्यायची, तेथे ते पाणी काढणारा कोण आहे, याचे उत्तर आधी कागदावर असले पाहिजे. फिरत्या शिक्षकाची खरी उपयुक्तता येथे दिसेल, कारण तो एकीकडे गोंदियाच्या डॉक्टरला ओळखतो आणि दुसरीकडे नागपूरच्या अतिदक्षता विभागातील निवासी डॉक्टरला. रुग्ण हलवण्याच्या चिठ्ठीवरील पाच ओळींपेक्षा या ओळखीने अधिक काम होते, हे या क्षेत्रात राबलेल्या कोणालाही पटेल.

सामान्य शिक्षणाच्या माणसाच्या हाती जोखमीचे काम द्यावे की नाही हा वाद विदर्भाला नवा नाही. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले, आणि पुढे नवजात बालकांच्या घरपोच सेवेचा प्रयोग मांडला, तेव्हा गावातील आरोग्यदूत स्त्रीने आजारी बाळाला जंतुसंसर्गावरचे इंजेक्शन द्यावे ही कल्पना अनेक तज्ज्ञांना अविचारी वाटली होती. ३९ गावांतील त्या प्रयोगात तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचा मृत्युदर, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, ६२ टक्क्यांनी कमी झाला आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. पुढे देशभरातील आशा कार्यकर्त्यांच्या कामात घरभेटींचा समावेश झाला. जागतिक आरोग्याची उठाठेव करणारे लोक जे शिकायला गडचिरोलीला आले, ते आपण नागपुरात बसून विसरतो, याचे मला नेहमी नवल वाटते. त्या प्रयोगातील आरोग्यदूताला काम जमले ते तिच्यावर देखरेख करणारा माणूस नियमित गावात येत होता, तिच्या नोंदी तपासत होता आणि चुकलेले पुन्हा दाखवत होता म्हणून. प्रोबच्या बाबतीत एमबीबीएस झालेल्या डॉक्टरवर त्याहून कमी विश्वास टाकायचे काही कारण नाही, आणि त्याच्यावरची देखरेख त्याहून सैल ठेवण्याचेही कारण नाही.

मग तो देखरेख करणारा, शिकवणारा डॉक्टर कोठून आणायचा? तो वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन विभागातूनच यावा लागेल, आणि आजच्या नियमांत त्याने यावे असे त्याला वाटण्याजोगे काही नाही. बढतीसाठी सेवेची वर्षे आणि छापलेले शोधनिबंध मोजले जातात. गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेड्याच्या रुग्णालयात चार डॉक्टरांचे हात तयार केले, ही गोष्ट लिहायला अर्जात रकानाच नाही. महिन्यातून दहा दिवस जिल्ह्यात घालवणारा प्राध्यापक नागपुरात खासगी व्यवसाय करणाऱ्या बरोबरीच्या डॉक्टरपेक्षा पैशाने मागे पडतो, हे उघडच आहे. पण तो महाविद्यालयात बसून राहिलेल्या सहकाऱ्यापेक्षाही मागे पडतो, आणि हे दुसरे सहज टाळता येण्यासारखे आहे. माझ्या ओळखीतील दोन हुशार तरुण प्राध्यापकांनी या कामाची उमेद धरली होती. एकाने बढतीच्या मुलाखतीत प्रश्न विचारले गेल्यानंतर ती सोडली, दुसरा आता परदेशात आहे आणि, योगायोग असा की, तेथील रुग्णालय त्याला दरवर्षी काही आठवडे आफ्रिकेत हेच शिकवायला पाठवते.

शिकणारे मात्र तयार आहेत, आणि ते शासनाच्याच हातात आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे आता बंधनकारक आहे. सध्या त्यातील बराचसा काळ हजेरी लावण्यात जातो. सरकारी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांना वर्षभराची बंधपत्रित सेवा असते, आणि त्यातले कितीतरी जण प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटे, विचारायला कोणी नाही अशा अवस्थेत ते वर्ष काढतात. या दोन्ही व्यवस्थांना नवा कायदा लागत नाही. मेडिसिन विभागात फिरत्या शिक्षकाचे एक पद असावे, महिन्याचा अर्धा भाग वॉर्डात आणि अर्धा जिल्ह्यात असे त्याचे वेळापत्रक असावे, आरोग्य विज्ञान विद्यापीठाने निवासी डॉक्टरांच्या लॉगबुकात, म्हणजे शिकलेल्या कामाच्या नोंदवहीत, खाटेजवळच्या सोनोग्राफीला जागा द्यावी, आणि शिक्षकाच्या बढतीच्या अर्जात त्या लॉगबुकावरील त्याच्या सह्या मोजल्या जाव्यात. पद पाच वर्षे तरी हलवू नये, कारण आपल्याकडे चांगली गोष्ट बदलीने मरते.

पहिले पद नागपुरातच ठेवून त्याला गोंदिया आणि गडचिरोली हे दोन जिल्हे जोडून द्यावेत. खर्च एका पगाराचा, काही यंत्रांचा आणि एका वाहनाचा आहे. शहरातील एखाद्या सभागृहाच्या नूतनीकरणापुढे तो किरकोळ ठरेल. तीन वर्षांनी हिशेब मागताना, शिक्षक रजेवर असलेल्या आठवड्यात कुरखेड्याच्या आणि गोंदियातील देवरीच्या रुग्णालयांत यंत्र किती वेळा सुरू झाले आणि त्या प्रतिमांवर जाणकाराचा शेरा काय होता, एवढे मागवले तरी पुरे.